परकी पागा

"बसा ताई बिनधास्त, एकदम गरीब जनावर आहे." माथेरानचा दस्तुरी नाका असो, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचा काठ असो की पाचगणीचं टेबललँड, हे वाक्य कानावर पडतंच. म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याने त्या घोड्याला रोज चंदी चारलेली असते, त्याच्या दुखण्याखुपण्यात रात्री जागवलेल्या असतात. त्याच्या हाताला ते जनावर खरोखरच गरीब असतं. पण माझ्या हाताला ते कसं असेल हे अजून कुणालाच ठाऊक नसतं, खुद्द घोड्यालाही नाही. म्हणून परक्या पागेत गेल्यावर मी लगेच रिकिबीत पाय घालत नाही. थोडा वेळ नुसती उभी राहते. सगळ्या रपेटीत हा उभं राहण्याचा वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

उभं राहिलं की दिसू लागतं. आधी कान. दोन्ही कान सैल पडलेले, खालचा ओठ लोंबतोय, मागचा एक पाय जरा दुमडून खुराच्या टोकावर टेकलाय, तर तो विसाव्यात आहे. एक कान माझ्याकडे आणि एक मालकाकडे असेल, तर त्याने आमची दखल घेतली आहे. आणि कान मागे मानेला चिकटले असतील, माशी नसतानाही शेपटी सपासप फिरत असेल, डोळ्यातला पांढरा भाग दिसत असेल, तर त्याला काहीतरी नको आहे. ते नकोसं कदाचित मीच असेन.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी घोडी येतात. त्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेली असतात. ती कमान कितीही वेळ पाहिली तरी मन भरत नाही. तिथली जाणती माणसं अंगावरचे केसांचे भोवरे पाहतात, जनावर पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेलं, आहे का ते पाहतात. त्या नजरेबद्दल मला आदर आहे. पण ज्याला विकत घ्यायचं नाही, ज्याच्या पाठीवर फक्त तासभर आपला जीव ठेवायचा आहे, त्याचे भोवरे पाहण्यापेक्षा मी कान पाहत बसते.

मग जवळ जायचं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवताही त्याला भोवतालचा जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. दिसत नाही ते नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं. ज्या जिवाच्या कित्येक पिढ्या पाठीमागून झडप पडून संपल्या, त्याला मागून आलेली सावली आधी शत्रूचीच वाटते. यात त्याचा दोष काहीच नाही. मी डाव्या खांद्याच्या रोखाने, तिरकी, हळू आवाजात काहीबाही बोलत जाते. हात पहिल्यांदा मानेवर किंवा खांद्यावर ठेवते. पलीकडे जायचं असेल तर एकतर त्याच्या अंगाला हात लावून, अगदी खेटून जायचं, नाहीतर लाथ पोचणार नाही इतकं लांबून. अर्धवट अंतर सगळ्यांत धोक्याचं.

"दादा, खोगीर जरा उचलून दाखवता का?" हे विचारताना नवख्या माणसाची जीभ अडते. समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, मागे रांग असते, घरची मंडळी फोटो काढायला उभी असतात. तरीही विचारावं. खोगिराखाली, खांद्यामागच्या उंचवट्यावर, आणि पोटाखाली जिथे तंग आवळतात तिथे केस गेलेत का, खपली आहे का, ओली जखम आहे का, ते बघावं. अशी जखम असलेला घोडा कितीही शांत स्वभावाचा असला तरी त्याला पावलापावलाला दुखत असतं, आणि दुखणारा जीव कोणत्या क्षणी उसळेल याचा भरवसा नाही. आपण पडू नये आणि त्याला दुखू नये, या दोन इच्छा तिथे एकच होतात. जनावर नीट ठेवणारा माणूस हा प्रश्न ऐकून रागावत नाही, हा माझा अनुभव आहे. उलट तो खुलतो. चार गोष्टी न विचारता सांगतो, खूर उचलून नाल दाखवतो.

वजनाचंही तसंच. खोगिरासकट जे ओझं पाठीवर येतं ते घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापलीकडे असू नये, असा संकेत घोडेस्वारीत बऱ्याच ठिकाणी पाळतात. तीनशे किलोच्या तट्टाला ते साठ किलो झालं. डोंगरावरची तट्टं बहुतेक लहान चणीची असतात. अंगाने भारी असलेल्या माणसाने मोठं जनावर मागावं, आणि नसेल तर सरळ चालावं. माथेरानच्या सावलीतल्या लाल वाटा चालण्यासाठी कमी सुंदर नाहीत.

आता तंग. खोगीर चढवताना पुष्कळ घोडे पोट फुगवून धरतात. चार पावलं चालले की हवा सुटते आणि तंग ढिला पडतो, त्याबरोबर खोगीर एका अंगाला फिरतं. म्हणून तो दोनदा आवळावा लागतो: एकदा उभ्यावर, एकदा चढण्याच्या अगदी आधी. रिकिबीची लांबी हातावर मोजता येते. बोटांची टोकं वरच्या कडीला टेकवली की रिकिबीचं लोखंड काखेपर्यंत यावं. पायात थोडी टाच असलेला बूट हवा. सपाट चपलेचा पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि पडताना तो अडकला तर माणूस फरफटत जातो. ओढणी, पदर, गळ्यातली पिशवी आधी आवरून घ्यायची. लगाम किंवा दोर मुठीत धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही. हेल्मेट घोडेस्वारीचंच असावं. मी माझं बरोबर नेते. प्रवासाच्या पिशवीत ते जागा खातं, खाऊ दे.

मुलांबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. थंड हवेच्या ठिकाणी सहा-सात वर्षांचं पोर मोठ्या माणसाच्या खोगिरावर बसवतात. त्याचे पाय रिकिबीपर्यंत पोचत नाहीत. मग रिकीब ज्याला लटकते त्या चामडी पट्ट्याच्या फटीतच पावलं खुपसतात, म्हणजे पाय लोंबकळू नयेत. आईबापांना ते व्यवस्थित वाटतं. पण त्या पट्ट्यातून पाय सुटत नाही. घोडा बुजला आणि मूल कललं, तर ते जमिनीवर पडण्याऐवजी घोड्याच्या पायांशी लटकत राहील. पट्टे आखूड करून मागावेत. तितकी भोकं नसतील तर पाय मोकळे लोंबू द्यावेत, दोर घोडेवाल्याच्या हातात असावा, आणि चाल कदमाच्या, म्हणजे साध्या चालण्याच्या, पुढे जाऊ नये. मूल रडत असेल तर बसवूच नये. फोटोसाठी बसवलेल्या रडत्या मुलाच्या मनात घोड्याची जी भीती बसते, ती पुढे सहजासहजी निघत नाही, आणि मला त्या मुलाइतकंच त्या घोड्याबद्दलही वाईट वाटतं.

आणि मोठ्यांची भीती? माणसांपासून ती लपवता येते. घोड्यापासून येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. बेरीज विचारली की तो खूर आपटून उत्तर देई. ऑस्कर फुंगस्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये त्याचा छडा लावला. हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याच्या मानेत, चेहऱ्यात जो सूक्ष्म फरक पडे, तो त्याला दिसत होता, आणि तिथे तो खूर थांबवत होता. असा फरक पडतो हे विचारणाऱ्याला स्वतःला माहीत नव्हतं! गणित येण्यापेक्षा मला ही विद्या कितीतरी मोठी वाटते. स्वीडनमधल्या संशोधकांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही असाच आहे. घोडा घेऊन ठरावीक अंतर जायचं होतं. शेवटच्या फेरीआधी माणसांना सांगितलं, की या वेळी वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीचं कुणी सांगितलं नव्हतं. त्याला फक्त माणूस कळला.

म्हणून "घाबरू नका" हा सल्ला मला कधी पटला नाही. उसनं अवसान घोड्याला पेलत नाही. भीती कमी होते ती शरीरातून. घाबरलेला माणूस श्वास रोखतो, श्वास रोखला की मांड्या आवळतात, टाचा पोटात रुततात आणि हात लगाम ओढतात. म्हणजे एकाच दमात आपण 'पळ'ही म्हणतो आणि 'थांब'ही म्हणतो. बिचाऱ्याने काय करावं? मी चढल्यावर आधी एक लांब उच्छ्वास सोडते. खांदे खाली, कोपर सैल, टाचा जमिनीकडे, नजर घोड्याच्या दोन कानांमधून दूर वाटेवर. मानेकडे बघत बसलं की तोलही मानेकडे जातो. पहिली काही मिनिटं फक्त चालवते, थांबवते, डावीकडे वळवते, उजवीकडे वळवते. थांबतो का, हे दुडकी मारण्याआधी कळलेलं बरं. मनातल्या मनात गुणगुणलं तर श्वास आपोआप लयीत येतो, आणि थोड्याच वेळात खालच्या पाठीची लय कंबरेला कळू लागते. भीती तेव्हा जात नाही, पण ती बसण्याच्या आड येईनाशी होते. आत्मविश्वास म्हणतात तो मला इथेच भेटला आहे.

चढण्याआधी घोडेवाल्याला आणखी थोडं विचारून घ्यावं. कोणत्या आवाजाला थांबतो? लगाम मानेला टेकवला की वळतो, की ज्या बाजूला वळायचं तिकडचा लगाम ओढावा लागतो? कशाला बुजतो? सगळ्यांच्या पुढे चालायची सवय आहे की मागे? रांगेतल्या कुणाला लाथ मारायची खोड आहे का? प्रत्येक घोड्याचा स्वभाव त्याच्या माणसाला पाठ असतो, आणि कौतुकाने विचारलं की तो सगळं सांगतो.

वाटेचाही स्वभाव असतो. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. १९०७ पासून नेरळहून छोटी गाडी वर येते, बाकी पाय आणि घोडे. हातरिक्षांच्या जागी आता ई-रिक्षा येत आहेत. जांभ्याची लाल माती उन्हाळ्यात धुरळा होते आणि पावसात निसरडी. फरसबंदी तुकड्यावर नाल घसरतो. माकडं झाडावरून धपकन उतरतात, प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्याने उडते, वळणावरून हातगाडी येते. अशा अरुंद वाटेवर पुढच्या घोड्यापासून निदान एका घोड्याची लांबी सोडून चालायचं. टेबललँडसारख्या मोकळ्या पठारावर घोडा आवरेनासा झाला तर एका बाजूचा लगाम हळूहळू घेत मोठ्या वर्तुळात फिरवता येतो. कड्यालगतच्या वाटेवर ती सोय नाही. तिथे खोल बसून लगाम घ्यायचा, सोडायचा, पुन्हा घ्यायचा. सलग ओढला तर तो त्यावर भार टाकून अधिकच पळतो. आणि एक लक्षात ठेवावं: तोंड घराकडे वळलं की भाड्याचं बहुतेक प्रत्येक तट्टू वेग वाढवतं. परतीच्या वाटेवर कदमच बरा.

गौरीकुंडाहून केदारनाथला खेचरांवर बसणारी मराठी माणसं दरवर्षी भेटतात. खेचर दरीच्या कडेने चालतं म्हणून ती धास्तावतात आणि लगाम डोंगराकडे खेचतात. पाठीवरचं ओझं डोंगराला घासू नये म्हणून ते जनावर बाहेरून चालायला शिकलेलं असतं. त्याचे पाय त्याला कळतात. तिथे ढवळाढवळ करू नये. पायी चालणाऱ्यांनी मात्र नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहावं.

हे सगळं करूनही कधी मन म्हणतं, आज नको. एका ठिकाणी माझ्यासमोर आणलेला उमदा घोडा सारखा पुढचा खूर खरवडत होता, तंगाला हात लागताच दात दाखवत होता. मालक म्हणाला, "चालायला लागला की निवळतो." असेलही. मी ठरलेले पैसे दिले आणि बसले नाही. बरोबरच्यांना ते विचित्र वाटलं. मला मात्र त्या दिवशी आपण चांगली स्वारी शिकलो आहोत असं पहिल्यांदा वाटलं. अर्ध्या वाटेत उतरून घोडा हाताने चालवत आणण्यातही कमीपणा नाही. जुन्या काळचे शिलेदारसुद्धा अवघड उतारावर पायउतार होत असतील, कारण त्यांना त्याच घोड्यावर दुसऱ्या दिवशीही बसायचं असे.

उतरताना दोन्ही पाय आधी रिकिबीतून काढायचे, मगच अंग टाकायचं. तंग एक भोक सैल करायचा, मानेवर थापटायचं, पाणी कधी पाजणार ते विचारायचं. आणि वाटेत जे जाणवलं ते मालकाला सांगायचं. मागचा डावा पाय आखूड पडत होता, उतारावर डोकं झटकत होता, नाल वाजत होता. तासभर त्याच्या पाठीवर आपण होतो. हे मालकाला खालून दिसत नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला, बहुधा एखाद्या लहान मुलीला, त्याच घोड्यावर बसवण्याआधी तो खूर उचलून बघेल.