भुकेल्या नगरीचे संगीत

भुकेल्या माणसाला आधी भाकरी हवी, गाणे मागाहून. हा व्यवहार कोणीही मान्य करील. परंतु १९४२ साली रशियातील एका नगरीने पोटात भूक असतानाही गाण्याची वाट पाहिली. त्या नगरीचे नाव लेनिनग्राड. आज तिला सेंट पीटर्सबर्ग म्हणतात.

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने तिला वेढा घातला. धान्याच्या वाटा तुटल्या. त्या हिवाळ्यात पुष्कळांच्या वाट्याला दिवसाकाठी अवघा १२५ ग्रॅम पाव येई. भुकेने आणि थंडीने लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली.

याच नगरीत जन्मलेला दिमित्री शोस्ताकोविच हा संगीतकार त्या दिवसांत आपली सातवी सिंफनी रचीत होता. सिंफनी म्हणजे अनेक वाद्यांसाठी लिहिलेली दीर्घ संगीतरचना. व्हायोलिने, बासऱ्या, शिंगे, नगारे अशा प्रत्येक वाद्याचे सूर निराळे. पण संचालकाच्या हाताच्या इशाऱ्याने ते सारे मिळून एकच संगीत होते. शोस्ताकोविचने आपली रचना पुढे दुसऱ्या गावी पूर्ण केली व ती लेनिनग्राडला अर्पण केली. तिची प्रत विमानातून वेढ्याच्या आत पोहोचली.

पण ती वाजवायची कोणी? रचनेला शंभराच्या आसपास वादक हवेत आणि नभोवाणीच्या वाद्यवृंदात तर मूठभरच उरलेले! संचालक कार्ल एलियासबर्ग स्वतः अशक्त झालेले. पहिली तालीम काही मिनिटांतच थांबवावी लागली. व्हायोलिनवाल्यांचे हात गळून जात. शिंगवाल्यांची त्याहून बिकट अवस्था. पोट रिकामे, मग फुंकर यावी कोठून? अखेर वादकांना थोडे अधिक अन्न मिळू लागले. सैन्यातील वादकही आघाडीवरून बोलावण्यात आले. बंदूक खाली ठेवून त्यांनी वाद्य हाती घेतले.

९ ऑगस्ट १९४२ रोजी फिलहार्मोनिकचे भव्य दालन श्रोत्यांनी भरून गेले. शत्रूच्या तोफांनी मैफलीत विघ्न आणू नये, म्हणून रशियन तोफांनी आधीच त्यांच्यावर मारा केला होता. मग सुमारे सव्वा तास ते संगीत चालले. ध्वनिक्षेपकांवरून ते रस्तोरस्ती ऐकू गेले. वेढा घालून बसलेल्या सैनिकांच्या कानांपर्यंतही जाऊन पोहोचले.

त्या मैफलीने कोणाच्याही वाट्याचा पाव वाढला नाही. वेढा पुरता उठण्यास १९४४ चा जानेवारी उजाडावा लागला. परंतु ज्या नगरीला उपासमारीने मुकी करावयाचे होते, ती त्या सायंकाळी एका सुरात बोलली होती.

१९६४ च्या जानेवारीत हयात असलेले वादक त्याच दालनात पुन्हा जमले. केस पिकले होते. संचालक तेच होते, रचना तीच होती. प्रत्येक जण आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसला. ज्यांना येणे आता शक्य नव्हते, त्यांच्याही वाट्याचे सूर त्या दिवशी वाजले.