बझर, बजर आणि घंटा

गेल्या पावसाळ्यात आईला बेळगावातील एका रुग्णालयात ठेवावे लागले. रात्री सोबतीला थांबण्याची मुभा नव्हती. दिवा मालवताना परिचारिकेने दारातूनच सांगितले, "अज्जी, बजर ओत्तरी." 'ओत्तरी' म्हणजे दाबा, एवढे कानडी आईला कळते. दाबायचे काय, हे मात्र उमगले नाही.

सकाळी गेलो तेव्हा तिच्या घशाला कोरड पडली होती. पाण्याचा तांब्या हाताच्या टप्प्याबाहेर. मी रागावलो. ती म्हणाली, "अरे, मला एक बजरबट्टू ठाऊक. तो दाबून काय होणार?" उशाशी लोंबणारी पांढरी कळ तिला दिव्याची वाटली होती.

शब्दाच्या अर्थावर भांडणे हा माझा व्यवसायच. पण येथे दोष कोणाला द्यावा? इंग्रजीतील 'बझ' हा मधमाशीच्या आवाजावरून आलेला अनुकरणवाचक शब्द. तसा आवाज करणारा तो बझर. कानडी बोलण्यात 'झरा'तला झ सहसा येत नाही, म्हणून तेथे त्याचा बजर होतो, आणि आमच्या कानाला 'वज्र'चा अपभ्रंश असलेला, बजरंगातला 'बजर' ऐकू येतो.

बझरला सरसकट घंटा म्हणावे, असाही माझा आग्रह नाही. घंटेत टोला धातूवर पडतो. जुन्या विजेच्या बझरमध्ये टोलाच नसतो. विद्युतचुंबक पोलादी पट्टी ओढतो, त्यासरशी प्रवाह तुटतो, पट्टी मागे फिरते, प्रवाह पुन्हा जुळतो. ही थरथर म्हणजेच तो आवाज. कबड्डीत 30 सेकंदांची चढाई संपली की वाजतो तो बझरच, आणि प्रश्नमंजूषेत आधी दाबायचा तोही बझरच. तेथे तो शब्द खुशाल नांदो.

रुग्णाच्या उशाशी मात्र गरज माणसाला हाक मारण्याची असते. त्यासाठी मराठीत घंटा आहे, कानडीत गंटे आहे. दोन्ही एकाच संस्कृत शब्दाची लेकरे. परिपत्रके मराठीत मिळावीत म्हणून आम्ही सीमाभागातले लोक वर्षानुवर्षे अर्ज करीत आलो. येथे अर्जाचीही गरज नव्हती. दोघींच्या मालकीचा शब्द घरात असताना त्यांच्यामध्ये तिसराच येऊन बसला आणि म्हातारी रात्रभर तहानलेली राहिली.

संध्याकाळी परिचारिकेला हे सांगितले. ती बिचारी ओशाळली. कळ आईच्या हातात देत म्हणाली, "अज्जी, गंटे." आईने तत्काळ दाबून पाहिली. बाहेरच्या मेजावर भुणभुण उठली.

"ही कसली घंटा?" आई म्हणाली, "हा तर भुंगा."