तपासून द्या

आम्ही दोघे गेली अठरा वर्षे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवीत आहोत. एम. ए.ला येणाऱ्या मुलांना आम्ही एक आश्वासन हमखास देत असू: प्राध्यापकी मिळो न मिळो, भाषांतरावर पोट भरेल. ते खोटेही नव्हते. आमचा एक विद्यार्थी तासिका तत्त्वावर शिकवी आणि मानधन महिनोन्महिने अडकले की भाषांतराच्या पैशांतून घरभाडे देई. माहितीपत्रके, औषधांच्या सूचना, विम्याचे अर्ज असला रुक्ष मजकूर तो मनापासून मराठीत आणी.

२०१३ साली गूगलच्या भाषांतरसेवेत मराठी आली, तेव्हा तिची वाक्ये वर्गात वाचून आम्ही पोट धरून हसलो होतो. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले आणि ते हसू हळूहळू मावळले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, महाविद्यालयात पेढे वाटले गेले. त्या महिन्यात त्याच्या हाती एकही काम नव्हते.

परवा तो घरी आला होता. म्हणाला, "सर, आता भाषांतर कोणी मागतच नाही. यंत्राने केलेले तपासून द्या म्हणतात. दर निम्म्याहून कमी." वेळ मात्र फारसा वाचत नाही. इंग्रजीतल्या एका 'वुई'साठी मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हे संदर्भानेच कळते. यंत्र तिथे अजूनही चकते. विम्याच्या कागदात ही चूक राहिली तर पैसे कोणी भरायचे याचाच घोळ व्हायचा. ती हुडकायला मूळ मजकूर ओळीन् ओळ वाचावा लागतो, आणि त्या वाचनाचे पैसे कोणी देत नाही.

'रोबो' हा शब्द कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. त्याच्या मुळाशी वेठ या अर्थाचा चेक शब्द आहे. हे त्याला सांगण्याचा मोह (शिक्षकी खोड, दुसरे काय!) आम्ही आवरला. कारण गेल्या वर्षी विभागाचा साठ पानी इंग्रजी अहवाल मराठीत करायचा होता. पूर्वी असे काम आम्ही त्यालाच देत असू. या खेपेस ते यंत्राकडून करून घेतले आणि दोन दुपारी बसून तपासले. महाविद्यालयाचे पैसे वाचले. आमचे वेतन, आयोगाने ठरवून दिलेले, एक तारखेला जमा झाले.

निघताना पायात चपला सरकवीत त्याने विचारले, "मॅडम, यंदा अहवाल नव्हता का?"

"होता," आम्ही म्हणालो. "आम्हीच केला."