कानाचे गुण, डोळ्यांचे गुण

ज्याचें सारें आयुष्य दुसऱ्यांच्या परीक्षा घेण्यांत गेलें, त्याला उतारवयांत स्वतः परीक्षेस बसावें लागलें म्हणजे कशी फजिती होते, याचा अनुभव आम्हांस गेल्या दिवाळींत आला. आमचा पुतण्या एका कारखान्याच्या नोकरीनिमित्त चार वर्षें चीन देशांतील सुझौ शहरीं सहकुटुंब राहून परत आला. येतांना त्यानें रेशमी वस्त्रें आणि चहा आणलाच. पण काकांनीं जन्मभर संस्कृत व इंग्रजी शिकविलें हें ध्यानांत ठेवून आमच्यासाठीं एक निराळीच भेट आणली. तिकडील उच्च माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गांतील मुलें सरावासाठीं इंग्रजीच्या ज्या प्रश्नपत्रिका सोडवितात, त्यांचा एक गठ्ठा व त्यांबरोबरचें ध्वनिमुद्रण.

फराळ आटोपल्यावर मंडळी दिवाणखान्यांत जमली. आमच्या नातीनें मोबाइल मधोमध ठेवला, आणि "आजोबा, मागचें पुन्हा लावायचें नाहीं हं!" असें बजावून ध्वनिमुद्रण सुरू केलें. आरंभीं एक नमुन्याचा प्रश्न असतो. सदऱ्याची किंमत किती? छापलेल्या तीन उत्तरांपैकीं ९ पौंड १५ पेन्स हें बरोबर; बाकीचीं दोन, १९ पौंड १५ पेन्स आणि ९ पौंड १८ पेन्स, हीं फसविण्यासाठीं. हाच सदरा याच किंमतीस इतकीं वर्षें पत्रिकांतून छापला गेला कीं, तो तेथील विद्यार्थ्यांच्या थट्टेचा विषय होऊन बसला आहे. आम्हीही हंसलों. पण नमुना संपून खरे प्रश्न सुरू झाले, तेव्हां आमचें हंसूं मावळलें.

अर्ध्या तासानें निकाल लागला. श्रवणाच्या २० प्रश्नांपैकीं आमचे ११ बरोबर, नातीचे १६. नंतर वाचनाचे प्रश्न सोडविले. त्यांत आमचे २० पैकीं १९ आणि नातीचे १४. तीन उत्तरांतून एक निवडावयाचें असल्यामुळें डोळे मिटून खुणा केल्या तरी श्रवणाचे सहा-सात प्रश्न सहज बरोबर येतात, असा हिशेब पुतण्यानें काढून दाखविला. तेव्हां आमच्या ११ ची किंमत आणखीच उतरली. पस्तीस वर्षें इंग्रजी शिकविलेल्या माणसाचे कान इतके कच्चे कसे, हा प्रश्न त्या रात्रीं आम्हांस झोंप येऊं देईना. त्याचा शोध घेतां घेतां चिनी मुलांच्या परीक्षेची जी माहिती हातीं आली, तिच्यांत आपल्या घरांतील मुलांविषयींही बराच बोध आहे, म्हणून ती येथें देत आहों.

चीनमध्यें विश्वविद्यालयांत प्रवेश मिळण्यासाठीं जी देशव्यापी परीक्षा आहे, तिला गाओकाओ म्हणतात. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमींत बंद पडलेली ही परीक्षा १९७७ सालीं पुन्हा सुरू झाली, व आतां ती दरवर्षीं जूनच्या ७ तारखेस सुरू होते. २०२४ सालीं तिच्यासाठीं सुमारें १ कोटी ३४ लाख मुलांनीं नांवें नोंदविलीं होतीं. एकूण ७५० गुणांपैकीं १५० गुण परभाषेचे. रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश घेण्याची मोकळीक आहे. पण बहुतेक मुलें इंग्रजीच घेतात. पूर्वीं हा मान इंग्रजीस नव्हता. १९७९ सालीं तिच्या गुणांचा दहावा हिस्साच बेरजेंत धरीत. तो वाढत वाढत १९८३ पासून ते पुरे धरूं लागले.

सुझौ ज्या ज्यांगसू प्रांतांत आहे, तेथील नव्या पद्धतीच्या पत्रिकेंत या १५० गुणांची वांटणी अशी: श्रवणाचे ३०, वाचनाचे ५०, भाषेच्या वापराचे ३० व लेखनाचे ४०. वेळ दोन तास. श्रवणांत पहिलीं पांच लहान संभाषणें एकदांच ऐकवितात. उत्तर देऊन पुढचा प्रश्न वाचण्यास अवघे १० सेकंद मिळतात. पुढील लांब संभाषणें व भाषणें दोन वेळां ऐकवितात. वाचनासाठीं चार उतारे व त्यांवर १५ प्रश्न. शिवाय आणखी एका उताऱ्यांतून पांच वाक्यें काढून टाकलेलीं असतात, तीं खालच्या सात वाक्यांतून निवडून जागच्या जागीं बसवावयाचीं. ही शेवटची युक्ति आम्हांस फार आवडली. कारण उताऱ्यांतील विचाराचा धागा हातीं लागल्यावांचून केवळ शब्दांच्या ओळखीवर ती साधत नाहीं. परीक्षेच्या दिवशीं शाळेच्या आसपास मोटारींनीं भोंगे वाजवूं नयेत, बांधकामें थांबवावीं, असे हुकूम गांवोगांवीं निघतात. एका मोटारीच्या भोंग्यानें एखाद्या मुलाचें एक वाक्य हुकलें, तर तें पुन्हा कोठून आणावयाचें?

डोळ्यांत व कानांत भेद आहे तो येथेंच. डोळा मागें फिरूं शकतो. कान फिरूं शकत नाहीं. छापलेल्या ओळींत दोन शब्दांमध्यें जागा सोडलेली असते. बोलण्यांत ती नसते. आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. संधि झाला म्हणजे तो लिहावयाचा, हें आमच्या हाडींमाशीं खिळलेलें. इंग्रजींतही बोलतांना शब्द एकमेकांस चिकटतात, शेवटचें व्यंजन पुढील स्वरांत मिसळतें, मधला एखादा वर्ण लोप पावतो; म्हणजे संधि होतोच, परंतु तो कोणी लिहीत नाहीं. आम्हीं जन्मभर मुलांस इंग्रजीचे पदच्छेद केलेले पाठ वाचावयास दिले. संहिता कधीं ऐकविलीच नाहीं. आमच्या ११ गुणांचें हें कारण.

चिनी मुलाची अडचण आणखी निराळी. त्याच्या राष्ट्रभाषेंत जोडाक्षरें नाहींत म्हटलें तरी चालेल, आणि शब्दाच्या अखेरीस दोन अनुनासिकांखेरीज बहुधा व्यंजन येत नाहीं. त्यामुळें इंग्रजी शब्दाचें शेंपूट त्याच्या कानांतून निसटतें. आणि अनेकवचन, भूतकाळ वगैरे गोष्टी तर इंग्रजींत त्या शेंपटांतच असतात. त्याच्या भाषेंत क्रियापद काळाप्रमाणें बदलत नाहीं, म्हणून तो फरक ऐकण्याची त्याच्या कानास संवयही नसते. उलटपक्षीं स्वरांच्या चढउतारावरून शब्दाचा अर्थ ओळखण्यांत त्याचा कान इतका तरबेज असतो कीं, तेथें आपण हात टेंकावे. अशा मुलानें अंदाजें ३,००० इंग्रजी शब्दांची शिदोरी घेऊन या परीक्षेस बसावयाचें असतें.

आतां सुझौ येथील एक हकीकत सांगतों. पुतण्याच्या शेजारीं राहणारी एक मुलगी शेवटच्या वर्गांत शिकत होती. बोलण्याचा सराव व्हावा म्हणून ती दर रविवारीं सूनबाईंकडे येई. श्रवणाच्या सराव परीक्षेंत तिला ३० पैकीं २७ गुणांच्या खालीं कधीं मिळाले नाहींत. परंतु एकदां सूनबाईंनीं तिला, "आजीचें दुखणें आतां कसें आहे? दवाखान्यांतून घरीं आणली का?" असें साध्या इंग्रजींत विचारलें, तेव्हां ती गोंधळून हंसत उभी राहिली. तीन वेळां विचारून झालें. शेवटीं तेच वाक्य कागदावर लिहून दाखवितांच तिचा चेहरा उजळला, आणि तिनें खालीं शुद्ध इंग्रजींत चार ओळी लिहून दिल्या: आजी घरीं आली आहे, भात खाऊं लागली आहे, काळजी नसावी.

२७ गुणांची मुलगी येथें अडली कां? सूनबाईंनीं तिलाच विचारलें, तेव्हां तिनें निष्कपटपणें सांगितलें. परीक्षेंत तीन उत्तरें आधींच छापलेलीं असतात. १० सेकंदांत तीं वाचून कोणत्या शब्दाची वाट पाहावयाची हें ठरवावयाचें, व तो शब्द कानावर पडतांच खूण करावयाची. ध्वनिमुद्रणांतील माणसें स्पष्ट, एका ठराविक धाटणीनें बोलतात. सूनबाईंचें बोलणें पडलें मराठी वळणाचें, आणि उत्तरें तर कोठेंच छापलेलीं नव्हतीं! म्हणजे जिला श्रवणाची परीक्षा म्हणतात, तिच्यांत निम्मी परीक्षा वाचनाचीच होती, आणि तेंही घाईच्या वाचनाची. गुण खोटे नव्हते. परंतु ज्या गोष्टीचे म्हणून ते लिहिले होते, त्या गोष्टीचे ते पुरते नव्हते.

हें वाचून कोणी म्हणेल, मग असली परीक्षा घेतात तरी कशाला? आम्हांसही आधीं तसेंच वाटलें होतें. परंतु थोडा विचार केल्यावर परीक्षकांची कींव आली. एक कोटीवर मुलांपैकीं प्रत्येकाशीं बसून बोलणार कोण? आणि बोलणारा माणूस आला कीं त्याच्याबरोबर त्याची मर्जीही आली. चिनी लोकांस या मर्जीचें भय फार जुनें आहे. त्यांची राजपरीक्षा सुमारें तेराशें वर्षें चालून १९०५ सालीं बंद झाली. तिच्यांत सुंग राजांच्या काळीं उमेदवाराचें नांव झांकून ठेवीत, इतकेंच नव्हे, तर हस्ताक्षरही ओळखूं येऊं नये म्हणून कारकुनांकडून उत्तरें नव्यानें लिहवून घेऊन मगच तपासावयास देत. हा संस्कार अद्याप जागा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्यें चज्यांग प्रांतांत इंग्रजीची पत्रिका अधिक अवघड निघाली, म्हणून अधिकाऱ्यांनीं वाचन व लेखन यांतील कांहीं प्रश्नांचे गुण वजन देऊन वाढविले. मूळ गुण सारखे असलेल्या मुलांच्या बेरजा त्यामुळें निराळ्या झाल्या. पालकांनीं एकच गहजब केला, चौकशी झाली, डिसेंबरांत वाढीव गुण रद्द होऊन मूळचे कायम झाले, आणि प्रांताच्या शिक्षणखात्याच्या मुख्यास आपलें पद सोडावें लागलें. जेथें एका गुणानें हजारों मुलें पुढेंमागें होतात, तेथें परीक्षकास खोल मोजण्यापेक्षां सारखें मोजणें भाग पडतें.

शिवाय खेड्यांतील मुलाचा प्रश्न आहेच. वाचन एका जुन्या पुस्तकावरही साधतें. कान तयार व्हावयास शिक्षकाचा उच्चार चांगला पाहिजे, साधनें पाहिजेत. याच विचारानें कित्येक प्रांतांत श्रवणाचे गुण बेरजेंत धरीत नसत. बाकीच्या १२० गुणांचे प्रमाणानें १५० करून घेत. दयेपोटींच केलेली गोष्ट. पण परिणाम असा होई कीं, जें मोजावयाचें नाहीं तें शिकवावयाचें कशाला, असें म्हणून शाळा श्रवणाकडे पाठ फिरवीत. इकडे सधन प्रांतांनीं उलट वाट धरली. क्वांगतुंग प्रांतानें २०११ पासून ऐकणें व बोलणें यांची एकत्र परीक्षा संगणकावर घेण्यास आरंभ केला. बीजिंगमध्यें २०२१ पासून १५० पैकीं ५० गुण अशा परीक्षेचे असून ती दोनदां देऊन चांगले गुण ठेवतां येतात. ऐकलेलें स्वतःच्या तोंडानें सांगावयाचें म्हटलें कीं, छापील उत्तराची काठी बरीच सुटते.

येथें एका चिनी परीक्षकाची आठवण होते. इत्सिंग नांवाचा भिक्षु इ. स. ६७१ मध्यें चीनहून निघाला, नालंदा येथें राहून संस्कृत शिकला, आणि ६९५ मध्यें स्वदेशीं परतला. आमचीं मुलें आठव्या वर्षीं पाणिनीचीं सूत्रें घेतात व आठ महिन्यांत पाठ म्हणतात, आणि वेद येथें लिहून न ठेवतां मुखोमुखीं चालत आले आहेत, असें त्यानें नमूद करून ठेविलें आहे. पाणिनीय शिक्षेंत तर वाईट पाठकांच्या सहा प्रकारांत केवळ लिहिलेलें पाहून म्हणणारा हाही एक गणला आहे. ज्या देशांत विद्येला श्रुति म्हणत, त्या देशांतील आम्ही शिक्षक. आणि परभाषा शिकवितांना कानाला मात्र वर्गाबाहेर उभें केलें!

हें लिहितांना एक जुनी गोष्ट मनांत सलते, ती सांगून टाकतों. १९८५ च्या सुमारास आमच्या वर्गांत एक शेतकऱ्याचा मुलगा होता. वाचतांना त्याला अक्षरें लागत नसत. स्पेलिंगांचा तर सावळागोंधळ. वार्षिक परीक्षेंत आम्हीं त्याला इंग्रजींत १०० पैकीं २२ गुण दिले. त्याचा बाप शाळेंत आला, हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "गुर्जी, रेडिओवर क्रिकेटचं इंग्रजी चालतं, त्ये ह्यो समद्या गावाला मराठीत सांगतो. आन् तुमी म्हंता त्याला इंग्रजी येत न्हाई?" आम्ही हंसलों. उत्तरपत्रिका पुढें केली, तांबड्या शाईच्या खुणा दाखविल्या. बाप बिचारा काय बोलणार? तो मुलाला घेऊन गेला, आणि पुढील जूनमध्यें त्या मुलाचें नांव हजेरीपटावर नव्हतें.

गुण देण्यांत आम्हीं अन्याय केला असें आजही वाटत नाहीं. त्या पत्रिकेचे तितकेच होत होते. चूक झाली ती पुढें. त्या पत्रिकेनें फक्त डोळे मोजले होते, आणि आम्हीं मुलगाच मोजला असें समजलों. चिनी मुलीच्या २७ गुणांवरून सूनबाई जशा फसल्या, तसेच आम्ही त्याच्या २२ गुणांवरून फसलों. परीक्षा सर्वांना सारखी ठेवावयाची तर ती तोकडीच राहणार. तिचा तोकडेपणा भरून काढणें हें काम वर्गांतील शिक्षकाचें आणि घरांतील वडील माणसांचें. बापाचा प्रश्न बरोबर होता. त्याचें उत्तर द्यावयास आम्हांस इतकीं वर्षें आणि चीनहून आलेला एक गठ्ठा लागला.

हल्लीं रोज रात्रीं जेवणानंतर आमची नात इंग्रजी पुस्तकाचें एक पान मोठ्यानें वाचते. आम्ही पुस्तकांत न पाहतां ऐकतों, आणि ऐकलेलें आपल्या शब्दांत सांगतों. मग आमची पाळी वाचण्याची व तिची सांगण्याची. पंधरा मिनिटें लागतात, खर्च कांहीं नाहीं. मागल्या रविवारीं त्या गठ्ठ्यांतील आणखी एक पत्रिका काढली. श्रवणांत आमचे १४ आले, आणि वाचनांत नातीचे १७.