एकवीस हजारांच्या आत

घरखर्चाची वही लिहायची सवय मला आईने लावली. लग्न झाल्यापासूनच्या सगळ्या वह्या मी ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत. दुधाचा रतीब, वाण्याची उधारी, भिशीचा हप्ता, कामवालीचे खाडे, सारे काही त्यात सापडेल. आमचे हे थट्टेने मला ‘हेडक्लार्क’ म्हणतात. मला मात्र त्या वह्यांचा भारी अभिमान! त्यातलीच एक वही एक दिवस माझ्यावर उलटेल, असे कुणी सांगितले असते तर मी हसण्यावारी नेले असते.

आमचे गाव तालुक्याचे. बरीच वर्षे एक बाई माझ्याकडे धुणेभांडी करते. तिचे नाव मी इथे लिहिणार नाही. का ते पुढे कळेलच. माहेर बेळगावकडचे. २००६ साली लग्न होऊन ती इकडे आली. नवरा बाजारात हमाली करायचा. २०२१ च्या फेब्रुवारीत छातीत कळ आल्याचे निमित्त झाले आणि एका रात्रीत माणूस गेला. पदरात दोन मुले, मुलगी सातवीत आणि मुलगा चौथीत. तेराव्यानंतर चार दिवसांनी ती पुन्हा कामावर हजर झाली. “घरात बसून काय करू वहिनी? भांडी घासताना तरी डोस्कं गप ऱ्हातं,” म्हणाली.

पुढे वर्षभराने, २०२२ च्या मे महिन्यात, मीच तिला म्हटले, “अगं, तू निराधारचा अर्ज का करत नाहीस?” आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालापासून चालू आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ मुले अशा ६५ वर्षांखालच्या निराधारांसाठी ती आहे. त्यापुढच्या वयाच्यांसाठी श्रावणबाळ योजना. त्या वेळी महिना १,००० रुपये मिळत. विधवेला एक मूल असेल तर १,१०० आणि दोन असतील तर १,२००. तिला दोन मुले, म्हणजे वर्षाचे १४,४०० झाले. मुलीच्या वह्यापुस्तकांची, गणवेशाची तरी चिंता मिटली असती.

मला वाटले, विधवा आहे, गरीब आहे, आणखी काय हवे? पण सरकारदरबारी गरिबीसुद्धा कागदावर सिद्ध करावी लागते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला हवा. यादीत तिचे नाव नव्हते. घरातला कमावता माणूस गेल्यावर यादीतल्या कुटुंबाला एकरकमी २०,००० रुपये मिळतात, तेही म्हणूनच हुकले होते. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य हवे. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तेवढा हातात होता, कारण नोंद २१ दिवसांच्या आत झालेली होती. ती एक गोष्ट तिच्या दिराने वेळेवर केली होती.

पहिली अडचण आली ती रेशनकार्डाची. कार्ड दिराच्या नावावर, आणि त्यावर आठ माणसे. कचेरीतला कारकून म्हणाला, “कार्ड एक म्हणजे कुटुंब एक. दिराचं उत्पन्नही धरावं लागेल.” वास्तविक चूल केव्हाच वेगळी झाली होती. मग नाव कमी करण्याचा अर्ज, नव्या कार्डाचा अर्ज, त्यासाठी कामाचे तीन दिवस बुडाले. गंमत म्हणजे तेच जुने कार्ड पुढे उपयोगी पडले. लग्नानंतर तिचे नाव त्यावर चढवल्याची २००६ ची नोंद होती. १५ वर्षांच्या वास्तव्याचा तिच्याजवळ तेवढाच काय तो पुरावा!

दुसरी अडचण मात्र माझ्या उंबऱ्यापर्यंत आली. एक दिवस ती सेवा केंद्रातून परस्पर माझ्याकडे आली. तोंड उतरलेले.

“काय झालं गं?”

“त्या पोरानं इचारलं, वर्साचं उत्पन्न किती लिवू? मी खरं ते सांगितलं. तीन घरचं मिळून महिन्याला सत्तावीसशे. त्यानं मशीनवर गुणलं आन् म्हनला, मावशी, ३२,४०० झालं. न्हाई बसत.”

मी गप्प राहिले. मग तिने खालमानेने विचारले, “वहिनी, तुमी पाचशेच देता म्हनून लिवून द्याल का? तलाठी भाऊसाहेब म्हनले, मालकिणीचं लिवून आना.”

खरे सांगते, मला राग आला. खोटे लिहून द्यायचे? आमच्या ह्यांनी सारी हयात बँकेत काढली, एका पैचा घोळ कधी केला नाही. मी म्हटले, “हे मला जमायचं नाही. खरं काय ते लिहून देईन.” ती काही बोलली नाही. नेहमीपेक्षा भांड्यांचा आवाज तेवढा जास्त झाला.

रात्री झोप येईना. उठून आकडेमोड करत बसले. २१,००० भागिले १२, म्हणजे महिन्याला १,७५०. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. तीन माणसांत वाटले तर माणशी १९ रुपये. त्यात जेवण आले, खोलीचे भाडे आले, वीज आली, औषधपाणी आले. एकोणीस रुपयांत एका माणसाचा एक दिवस कसा बसवायचा? गॅस, तेल, डाळी यांचे भाव आपल्याला तोंडपाठ असतात. हे गणित आपल्यातल्या कुठल्या बाईला सुटेल?

मग म्हटले, खरे लिहून द्यायचे ना, तर पुरते खरे लिहू. ट्रंक उघडली आणि २०२१-२२ ची वही काढली. एप्रिल आणि मे महिन्यांत करोनाची दुसरी लाट होती. मी तिला येऊ नको म्हटले होते. त्या दोन महिन्यांच्या पानावर कामवालीच्या नावापुढे रेघ. डिसेंबरात आम्ही महिनाभर मुलाकडे पुण्याला. पुन्हा रेघ. राहिले नऊ महिने, हजाराप्रमाणे ९,०००. त्यातून नऊ दिवसांचे खाडे धरून ३०० कापलेले. त्यातले चार दिवस मुलीला ताप होता तेव्हाचे, हेही मी माझ्या सुवाच्य अक्षरात बाजूला लिहून ठेवले होते. म्हणजे वर्षाचे दिले ८,७००.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन घरी गेले. समोरच्या बाई शिक्षिका. त्या ९०० देत, पण वर्षात कामाला बोलावले सातच महिने, म्हणजे ६,३००. पलीकडच्या डॉक्टरांच्या घरी ८०० होते, आणि महिने सहा. ४,८००. त्यांच्याकडे तर दारच सगळ्यांत उशिरा उघडले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इतकं कमी कसं लिहायचं हो? लोक काय म्हणतील?” मी म्हटले, “दिलं तेवढंच लिहायचं.”

तिन्ही घरांची बेरीज झाली १९,८००. एकवीस हजारांच्या आत!

खोटा शब्द एकही लिहावा लागला नाही. पण मैत्रिणींनो, तो कागद लिहिताना माझा हात जड झाला होता. पूर्ण वर्ष पूर्ण पगार मिळाला असता तर तिचे ३२,४०० झाले असते. आम्ही तिघी सुशिक्षित बायकांनी मिळून १२,६०० रुपये दिले नव्हते. चोरले म्हणणार नाही. सगळीकडे असेच चालते. “काम नाही तर पैसे नाहीत,” हे आपण किती सहज म्हणतो! सुट्टीत पगार मिळावा म्हणून आपल्या घरातली माणसे संप करतात, मोर्चे काढतात, आणि आपण मात्र कामवालीचा ताप खाड्यात धरतो. तिला निराधार ठरवायला माझ्या त्या रेघा उपयोगी पडल्या, तेव्हा मला पहिल्यांदा त्या रेघा नीट दिसल्या.

दाखला मिळाला, अर्ज गेला, समितीची बैठक होऊन मंजुरी यायला आणखी बरेच महिने गेले. पहिले पैसे बँकेत जमा झाले त्या दिवशी तिने पुडीत चार पेढे आणले. “वहिनी, तुमी खरं लिवलं म्हनून झालं.” तो पेढा मला गिळवेना. २०२३ साली सरकारने रक्कम वाढवून १,५०० केली. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो मी माझ्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने लिहून ठेवते.

पुढे २०२४ च्या जुलैत ‘लाडकी बहीण’ सुरू झाली आणि आमच्या आळीत एकच धांदल उडाली. २१ ते ६५ वयाच्या बायकांना महिना १,५००. अटी काय, तर घरात ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, आयकर भरणारे कुणी नको, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको! आमची भिशीही त्या दिवशी बाजूला राहिली; सगळ्या अर्ज भरण्यात गर्क. ती मला म्हणाली, “मीबी भरू का?” मी अटी वाचून पाहिल्या. सरकारच्या दुसऱ्या योजनेतून १,५०० मिळत असतील तर हे मिळणार नव्हते.

सवयीने मी भागाकार केला. अडीच लाख भागिले १२, म्हणजे २०,८३३. एका योजनेत कुटुंबाने जेवढे महिन्यात कमवावे, साधारण तेवढेच दुसऱ्या योजनेत विधवेने वर्षात. बहीण आणि निराधार यांच्या गरिबीत एवढे अंतर कुणी मोजले, ते मला अजून कळलेले नाही. आळीतल्या बायकांचे मिळाले याचे मला दुःख नाही. घरातल्या बाईच्या हातात चार पैसे येणे चांगलेच. पण चारचाकी नसल्याचे नुसते सांगून काम भागते आणि नवरा नसल्याचे सिद्ध करायला वर्ष जाते, हे मनाला लागते.

आपल्या घरी काम करणारी कुणी अशी असेल तर तिच्यासाठी एवढे जरूर करा. मृत्यूची नोंद वेळेवर झाली का ते विचारा. चूल वेगळी असेल तर कार्ड वेगळे करायला लावा. जुने कार्ड, जुने मतदार ओळखपत्र फेकू देऊ नका. आणि उत्पन्न विचारले तर ठरलेला पगार नव्हे, प्रत्यक्ष हातात पडलेले पैसे मोजून लिहून द्या.

आता राहिली माझी वही. त्यातला खाड्यांचा रकाना मी बंद केला आहे. आम्ही पुण्याला गेलो तरी तिचा महिना चुकत नाही, पगारही वाढवला आहे. समोरच्या बाईंनीही तसेच सुरू केले. पण मग बेरीज? ती मी करत नाही. ज्या बाईने एक खोटी ओळ लिहायला नकार दिला होता, ती आता एक बेरीज मुद्दाम मोकळी सोडते. तिला धड पगार द्यावा तर सरकारचे पैसे जाण्याची भीती, आणि सरकारचे पैसे टिकवावेत तर तिचा पगार कापायचा!

हे चूक की बरोबर, मला ठरवता आलेले नाही. तिची मुलगी आता मोठी झाली आहे. परवा माझी वही चाळता चाळता तिने विचारले, “काकू, इथं बेरीज का नाही केली?” मी म्हटले, “तू नोकरीला लागलीस की तुझ्याच हातानं कर.”