खरखर, जवारी आणि पिकोफॅरड

टर्नटेबलचा आवाज कर्कश वाटला की पहिला संशय कार्ट्रिजवर जातो आणि पहिला खर्चही त्यावरच होतो. माझं म्हणणं असं, की त्याआधी एक हिशेब करावा. कार्ट्रिजच्या पुढे केबल आणि फोनो स्टेज मिळून जो विद्युतभार उभा राहतो, त्याला आपल्या व्यवसायात लोडिंग म्हणतात. हा भार चुकला तर महागडी सुईही वाईट वाजते आणि बरोबर असला तर साधी सुई किमतीपेक्षा सरस वाजते. मुंबईच्या उपनगरांत हा हिशेब जास्तच गरजेचा आहे. अंधेरी-बोरिवलीच्या किंवा मुलुंड-घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये टर्नटेबल कुठे ठेवायचं हे जागा ठरवते, कान नव्हे. अ‍ॅम्प्लिफायर शोकेसमध्ये, टर्नटेबल दुसऱ्या भिंतीशी आणि मध्ये दोन मीटरची केबल, अशी मांडणी सहज होते. ही केबल काही फुकट येत नाही.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी असते, म्हणून तिचा इंडक्टन्स मोठा असतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या लोकप्रिय कार्ट्रिजचा इंडक्टन्स सुमारे ५५० मिलिहेन्री आहे. तिच्यासाठी ४७ किलोओहमचा रेझिस्टन्स आणि १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स सुचवलेला असतो. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की एका ठरावीक कंपनसंख्येला अनुनाद होतो. कपॅसिटन्स जितका जास्त, तितका हा अनुनाद खाली, म्हणजे ऐकू येणाऱ्या पट्ट्यात सरकतो. एकूण १५० पिकोफॅरड असेल तर गणिताने प्रतिसाद १० किलोहर्ट्झपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि १५ किलोहर्ट्झला जेमतेम १ डेसिबलने उतरतो. तोच कपॅसिटन्स ४०० झाला तर ९ किलोहर्ट्झच्या आसपास जवळजवळ ३ डेसिबलचा उंचवटा येतो, पुढे वेगाने उतार लागतो आणि २० किलोहर्ट्झला आवाज ९ डेसिबलने खाली जातो. आता ४०० कुठून आले ते पाहा. साध्या केबलचे मीटरमागे सुमारे १०० धरले तर दोन मीटरचे २०० झाले. टोनआर्मच्या तारांची थोडी भर पडली आणि फोनो स्टेजच्या आत बसवलेला कपॅसिटर १०० ते २२०चा निघाला. एवढ्यानेच मर्यादा दुपटीने ओलांडली जाते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आपल्या तबकड्या मुळातच खरखरीत आहेत. दमट हवेत बुरशी धरलेले, चोरबाजारातून आलेले जुने एलपी वाजवायचे, तर एवढी बारकाई कशाला? मला वाटतं, नेमकं याच कारणासाठी बारकाई हवी. ओरखड्याचा खटका क्षणभराचा असतो, त्यामुळे त्याची ऊर्जा वरच्या पट्ट्यात दूरवर पसरलेली असते. ९ किलोहर्ट्झचा उंचवटा त्या ऊर्जेला उचलून धरतो आणि प्रत्येक खटक्याला जास्त धार येते. त्याच पट्ट्यात ‘स’-‘श’ची सळसळ, तबल्याच्या किनारीची चाट आणि तानपुऱ्याच्या जवारीचा वरचा भाग येतो. किशोरी आमोणकरांची भूप-बागेश्रीची तबकडी अशा सेटवर लावली तर तानपुरा गायिकेच्या मागे राहण्याऐवजी पुढे येऊन झणझणतो. नव्या, स्वच्छ तबकडीला हा दोष पचतो. जुनीला पचत नाही.

दुसरा आक्षेप वयाचा. साठीनंतर वरचे सूर ऐकू येत नाहीत, मग फरक कोणाला कळणार? १५ किलोहर्ट्झपुरतं हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. पण उंचवटा ५ किलोहर्ट्झपासूनच चढू लागतो आणि तो पट्टा साठीतही बऱ्यापैकी शाबूत असतो. तिसऱ्या आक्षेपात उपाय म्हणून ट्रेबलचं बटण सुचवलं जातं. ते बटण सगळाच वरचा पट्टा खाली आणतं: उंचवटा बसतो, पण त्यापुढचा उतार आणखी खोल होतो. ४७ऐवजी ३३ किलोओहमचा रेझिस्टन्स लावण्याचं दुखणंही हेच. कपॅसिटन्स कमी करणं शक्यच नसेल, तर दुय्यम इलाज म्हणून तो चालेल.

मात्र भार जितका कमी तितकं चांगलं, असंही नाही. सुईच्या दांडीला स्वतःचा यांत्रिक अनुनाद असतो आणि काही उत्पादक विद्युत उताराने तो झाकतात. म्हणून ऑर्टोफोनच्या टूएम रेडला १५० ते ३०० पिकोफॅरड सुचवलेले असतात. अशी कार्ट्रिज आखूड केबलवर मरगळलेली वाटली, तर लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळणारा १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर पुरतो. मोजणीही अवघड नाही. कार्ट्रिजच्या तारा सोडवायच्या, केबल अ‍ॅम्प्लिफायरपासून काढायची आणि दोन नॅनोफॅरडची रेंज असलेल्या मल्टिमीटरने प्लगच्या टोकाशी मोजायचं. फोनो स्टेजचा आकडा माहितीपुस्तिकेतून घेऊन त्यात मिळवायचा. फोनो स्टेज टर्नटेबलमध्येच असेल, तर बाहेरच्या केबलची चिंता नको.

‘कानाला बरं वाटतं तेच खरं’ हा सगळ्यात मोठा आक्षेप मूव्हिंग कॉइलवाले घेतात. तिथे इंडक्टन्स इतका कमी असतो की अनुनाद श्राव्य पट्ट्याच्या फार वर जातो, म्हणून भार म्हणजे मुख्यतः रेझिस्टन्स. डेनन डीएल-१०३ या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा अंतर्गत रोध ४० ओहम आहे. ती १०० ओहमवर वाजवली तर जवळजवळ ३ डेसिबल गमावते, १,००० ओहमवर जेमतेम पाव ते अर्धा डेसिबल. म्हणजे भार बदलला की आवाजाची पातळीच अडीच डेसिबलने वाढते आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘मोकळा’ वाटतो. पातळी समान करून ऐकलं तर या मोकळेपणातला बराच भाग गळून पडतो. कानाचा निर्णय मला मान्य आहे, पण तुलना सारखी हवी.

या हिशेबाचं खरं मोल तबकड्या डिजिटल करताना कळतं. मुंबईत १९९०मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या संग्राहकांनी आणि कितीतरी घरांनी जपलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी अनेकांची मास्टर टेप आता मिळणं कठीण आहे. ऐकताना चुकलेला भार उद्या दुरुस्त होतो. फाइलमध्ये उतरलेला मात्र नातवंडांपर्यंत जातो, आणि तबकडी तोवर आणखी झिजलेली असते. म्हणून माझा क्रम असा: आधी तबकडी धुवा, मग कपॅसिटन्स मोजा, मग ऐका. नव्या कार्ट्रिजचा विचार त्यानंतर.