कड आणि शाई

अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरला भजन सुरू होण्याआधी पखवाजवाला डाव्या पुडीच्या मध्यावर भिजवलेली कणीक थापतो. थाप मारून ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा लावतो. कणीक वाढली की स्वर उतरतो. मी अवकल समीकरणे शिकवतो, आणि आयगेन मूल्य, म्हणजे स्वर ठरवणारी संख्या, हाताने हलवताना मी फक्त त्यालाच पाहिले आहे.

दोन्ही टोकांना बांधलेल्या तारेचे समीकरण दिले की मुले थेट साइन लिहितात. मी थांबवतो. ही संख्या, म्हणजे समीकरणातला लॅम्डा, ऋण घेऊन बघा: घातांकी उत्तर एका टोकाला शून्य केले, तर दुसऱ्या टोकाला होत नाही. लॅम्डा शून्य घ्या: सरळ रेषा येते, आणि ती दोन्ही टोकांना शून्य म्हणजे सगळीकडेच शून्य. उरला धन लॅम्डा. साइन पलीकडच्या टोकाला शून्यावर यायचा, तर लॅम्डाचे वर्गमूळ गुणिले तारेची लांबी ही पायची पूर्ण पट हवी. म्हणून तारेचे स्वर एक, दोन, तीन अशा पटींत येतात. अगणित उत्तरांतून ही निवड टोकांनी केलेली असते. तिन्ही फाटे कागदावर चालून गेल्याशिवाय हे अंगी मुरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

गोल पुडीला साइनच्या जागी बेसेल फल येते. इथे कडेची अट सगळ्यांना दिसते. मध्याशी उत्तर अनंताला जाऊ नये, ही दुसरी अट मात्र निसटते. दोन्ही लावल्या की २.४०५, ३.८३२, ५.१३६ ही शून्ये मिळतात. म्हणजे दुसरा स्वर पहिल्याच्या १.५९ पट, तिसरा २.१४ पट. कानाला हे जुळत नाही. कड तीच ठेवायची, तर बदलायला उरते पुडीचे वजन. उजव्या पुडीवरची शाई, म्हणजे मध्यावरचा काळा लेप, तेच करते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर'मध्ये हे मांडले. १९३४ च्या निबंधात त्यांनी पुडीवर वाळू भुरभुरवून दाखवले, की तिची नऊ कंपने एकत्र येऊन पाच स्वरांत बसतात, आणि ते स्वर जवळजवळ एक ते पाच पटींत असतात. दोन घनतांचा पडदा मानून रामकृष्ण आणि सोंधी यांनी १९५४ मध्ये त्याचे गणित सोडवले.

असा लेप जुनाच: भरताच्या नाट्यशास्त्रात पुष्कर या चर्मवाद्यांना नदीकाठची माती लिंपायला सांगितली आहे. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मध्ये, महाजनक जातकातल्या नृत्याच्या चित्रात, वादक स्त्रिया आहेत. अजिंठ्याला आलात तर त्यांच्या वाद्यांपुढे थोडे थांबा.